ठराव पुष्कळ झाले, हिशेब कुठे आहे?

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या नगर परिषदेत मतदान झालं. सहा विरुद्ध एक अशा मतांनी शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात वंश, धर्म, लिंग यांच्या जोडीला जातही आली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. आता सिएटलमध्ये जातीवरून कुणाला नोकरी, भाड्याचं घर किंवा हॉटेलात जागा नाकारली गेली, तर त्याने कुठे जायचं हे ठरलेलं आहे. शहराचं नागरी हक्क कार्यालय तक्रार लिहून घेतं आणि चौकशी करतं.

नाशिकमध्ये कुठे जायचं?

खड्डा, साचलेला कचरा, बंद पडलेला पथदिवा यांची तक्रार आपण महापालिकेकडे मोबाइलवरून करू शकतो. तिला क्रमांक मिळतो, तिचं काय झालं ते विचारता येतं. आडनाव ऐकून घर नाकारलेल्या माणसाच्या तक्रारीला महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात, क्रमांक नाही, कारण ती घेणारं टेबलच नाही. काळाराम मंदिराच्या दारात समतेचा लढा लढलेल्या शहरात हे टेबल नसावं, याचा मला संताप आहे. आजचं सदर त्या टेबलासाठी.

आडनाव काय?

भाड्याचं घर शोधणाऱ्याला हा संवाद पाठ असतो. फ्लॅट रिकामा आहे का? आहे. भाडं किती? तेही सांगतात. मग पलीकडून विचारणा होते, ‘आडनाव काय आपलं?’ आडनावावरून अंदाज आला नाही तर गाव कुठलं, मग नॉनव्हेज खाता का. शेवटी ‘मालकांशी बोलून सांगतो.’ तो फोन परत येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच फ्लॅटची जाहिरात पुन्हा दिसते.

कायदा नाही असं नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अस्पृश्यतेच्या कारणावरून राहत्या जागेपासून अडवणं गुन्हा मानतो. पण घरमालक कारण सांगतच नाही. तो ‘बोलून सांगतो’ म्हणतो. त्या एका वाक्यावर पोलिस ठाण्यात गुन्हा कसा नोंदवायचा? आणि नाकारला गेलेला माणूस मुसलमान असेल, तर या कायद्याचा आधारही त्याला मिळत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद १५ दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याबाबत बोलतो. खासगी घराचं भाडं त्या यादीत नाही.

अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सवर्ण, दलित आणि मुस्लिम नावांनी घरं मागून पाहिली, तेव्हा दलितांना नकार सवर्णांपेक्षा कितीतरी जास्त आला आणि मुस्लिमांना त्याहून जास्त. नाशिकमध्ये कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा इथे असा अभ्यास महापालिकेने करून घ्यावा. खर्च एका रस्त्याच्या डांबरीकरणाइतकाही येणार नाही. ज्यांना वाटतं की आता जातपात उरलेली नाही, त्यांनी तर या मागणीला सर्वांत आधी पाठिंबा द्यायला हवा. आकडा शून्य आला तर आपण सगळे मिळून तो चौकाचौकात लावू.

पैसा अडवला तरच

समतेचे ठराव करण्यात आपण मागे नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे मंडळात ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले करावेत. ठराव मंजूर झाला, सरकारने आदेशही काढला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला.

त्या ठरावानंतर तळ्याचं पाणी प्यायला किती अस्पृश्य गेले? कुणीच जाऊ शकलं नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा ते पाणी ओंजळीत आलं, आणि त्याच दिवशी लोकांना मारहाणही झाली. पुढे ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ उजाडलं.

बोल्यांना हे आधीच उमगलं होतं. म्हणून १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिकांचं सरकारी अनुदान बंद करावं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने नेमकी नस पकडली होती. भेदभाव करणाऱ्या संस्थेला उपदेशाने काही होत नाही. तिचा निधी अडकला की ती कामाला लागते. बोल्यांचा पहिला ठराव आपण अभिमानाने सांगतो. दुसरा विसरलो, आणि आपल्या कामाचा तोच होता.

समितीचा सदस्यच पुरावा झाला

भेदभावाची चौकशी करणारी समिती आपल्याकडे पूर्वीही होती. १९२८ मध्ये मुंबई सरकारने ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली. डॉ. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९२९ मध्ये समिती खानदेशात फिरली. काम आटोपून मुंबईला परतताना आंबेडकर चाळीसगावला उतरले, कारण धुळ्याच्या बाजूच्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार टाकल्याची चौकशी करायची होती. ती करून ते चाळीसगावला परत आले. तिथल्या महारवाड्यातल्या लोकांनी रात्री मुक्कामाचा आग्रह धरला होता.

स्टेशनवरून वस्तीत जायला एकही टांगेवाला तयार होईना. अस्पृश्याला टांग्यात बसवणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. शेवटी एकाने टांगा दिला, पण स्वतः हाकणार नाही म्हणाला. मग वस्तीतलाच एक माणूस, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम धरून बसला. पुलावर चाक अडकलं, घोडा टांग्यासकट खाली गेला आणि आंबेडकर दगडावर फेकले गेले. पायाचं हाड मोडलं. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला, सरकारने भेदभावाच्या चौकशीसाठी नेमलेला बॅरिस्टर भेदभावामुळेच बरेच दिवस अंथरुणाला खिळला. पुढे हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं.

त्या समितीचा अहवाल मार्च १९३० मध्ये आला. शिष्यवृत्त्या, वसतिगृहं, जमीन, पोलिस भरती असे त्याचे विषय होते, आणि त्यातून पुढे मागासवर्गासाठी सरकारात स्वतंत्र खातं उभं राहिलं. म्हणजे समितीने काही होत नाही, हे खरं नाही. समितीला खातं आणि पैसा जोडला की होतं. अहवाल कपाटात गेला की होत नाही.

चार दरवाजे

अहवाल आला त्याच महिन्यात नाशिक पेटलं होतं. २ मार्च १९३० रोजी हजारोंची मिरवणूक काळाराम मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते. ३ मार्चला सत्याग्रहींची पहिली तुकडी चारही दरवाजांवर बसली. तीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. हा लढा सांभाळला तो दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या दादासाहेब गायकवाडांनी. ९ एप्रिलला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. सत्याग्रह १९३५ पर्यंत चालू राहिला, आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

३ मार्च १९३४ च्या पत्रात आंबेडकरांनी दादासाहेबांना स्पष्ट कळवलं होतं की मूर्तिपूजा करायला मिळावी म्हणून हा लढा नव्हता. लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, ते उभे राहावेत यासाठी तो होता. नाशिकने हे नीट समजून घ्यायला हवं. मंदिराचं दार उघडलं म्हणून हिशेब मिटत नाही. घर, पाणी, मजुरी आणि लग्न यांच्या दारांचं काय झालं, ते विचारायचं आहे.

लग्नाच्या दाराचं उत्तर याच शहराने २०१३ मध्ये दिलं. जातीबाहेर लग्न केलेल्या गर्भवती मुलीचा जीव तिच्या बापाने घेतला, आणि त्यामागचा जातपंचायतीचा दबाव उघड झाला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘जातपंचायतीला मूठमाती’ अभियान इथूनच सुरू केलं. त्या रेट्यातून सामाजिक बहिष्काराविरुद्धचा राज्याचा कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. नाशिकच्या एका मुलीच्या मरणातून राज्याला कायदा मिळाला. त्या कायद्याखाली दरवर्षी शहरात किती तक्रारी आल्या आणि किती तडीला गेल्या, हे नाशिककराला सहज वाचायला मिळालं पाहिजे.

बैठक झाली का?

कुणी म्हणेल, नवं टेबल कशाला, आयोगांची कमी आहे का? अनुसूचित जातींचा आहे, जमातींचा आहे, अल्पसंख्याकांचा, महिलांचा, मानवी हक्कांचा, सफाई कर्मचाऱ्यांचा आहे. खरं आहे. पण त्यांची मुख्य कार्यालयं मुंबईत आणि दिल्लीत आहेत, आणि त्यांचा बहुतेक अधिकार शिफारशीपुरता. नाशिकच्या फुलेनगरातल्या बाईने मजुरी बुडवून तिकडे जायचं?

जिल्ह्याच्या पातळीवर एक यंत्रणा कायद्यानेच घालून दिली आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. तिने तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचं. गुन्ह्यांचा तपास, खटले, पीडितांची मदत आणि पुनर्वसन, अधिकाऱ्यांची कामगिरी यांचा आढावा घ्यायचा. राज्याची समिती मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली, जानेवारीत आणि जुलैत. नियमात महिनेसुद्धा लिहून दिलेत.

म्हणून पहिला प्रश्न साधा आहे. नाशिक जिल्ह्याच्या समितीच्या गेल्या वर्षभराच्या बैठकांची इतिवृत्तं पीडितांची नावं झाकून जनतेसमोर का ठेवू नयेत? बैठक झाली असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. झाली नसेल तर ते लोकांना कळलंच पाहिजे.

घंटागाडीबरोबर चालणारा

सकाळी घंटागाडी येते, आपण डबा रिकामा करतो आणि दार लावून घेतो. त्या गाडीबरोबर चालणारा माणूस कोण आहे? बहुतेक वेळा ठेकेदाराचा कामगार. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार शहरांत नोंद झालेल्या गटार आणि सेप्टिक टाकी साफ करणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश अनुसूचित जातींचे आहेत. लोकसंख्येत त्यांचा वाटा सहाव्या हिश्श्याच्या आसपास. घाण काढायचं काम जातीने वाटून दिलं होतं ते आजही जवळपास तसंच वाटलेलं आहे. बदल एवढाच की पूर्वी ते गावकीने लादलं होतं, आता निविदेतून येतं.

हाताने मैला साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात उतरून मेलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाखांवर नेली. नाशिकच्या दारात सिंहस्थ उभा आहे. त्यासाठी कुंभमेळा प्राधिकरण झालं, रस्ते, पूल, घाट यांच्या निविदा निघाल्या. लाखो भाविक येतील, त्यांच्यामागे साफ करायला हजारो हात लागतील, आणि ते कुठल्या वस्त्यांतून येतील हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांची मजुरी बँकेत पडणार का? पीएफ भरला जाणार का? हातमोजे, बूट, राहायला निवारा, प्यायला पाणी मिळणार का? ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती मूळ मालकाने भरायची हे कामगार कायद्याचं जुनं तत्त्व आहे. इथे मूळ मालक म्हणजे महापालिका आणि प्राधिकरण. सिंहस्थाच्या प्रत्येक सफाई ठेक्यात ही अट ठळक अक्षरांत हवी.

पाटी बदलली, पुढे?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोर वस्ती, ब्राह्मणवाडा अशी नावं जाऊन समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं यावीत. चांगला निर्णय. पत्ता सांगताना मान खाली घालावी लागू नये, हा माणसाचा हक्क आहे.

पण नव्या नावाच्या वस्तीत नळाला पाणी किती वेळ येतं? किती घरांत स्वतःचं शौचालय आहे? गटार उघडं आहे की बंदिस्त? शाळेत शिक्षक किती? पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातून मजुरीसाठी आलेली आदिवासी कुटुंबं शहराच्या कडेला कशी राहतात? २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातला दर चौथा माणूस आदिवासी होता. शहराच्या नियोजनात तो किती दिसतो? नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको, नाशिकरोड या सहाही विभागांत वस्तीनिहाय हे आकडे महापालिकेच्या खात्यांकडे सुटे सुटे पडलेले आहेत. ते एका तक्त्यात आणून दरवर्षी छापायचे, एवढंच काम आहे.

मागणी चार ओळींची

लाल दिव्याची गाडी मागत नाही. अध्यक्षपद मागत नाही, राजकीय पुनर्वसनाची सोय तर नकोच.

एक. सहाही विभागीय कार्यालयांत समता कक्षाचं टेबल. तिथे जबाबदार अधिकारी, लेखी पोच आणि ३० दिवसांत सुनावणी. गुन्हा असेल तर तक्रारदारासोबत पोलिस ठाण्यापर्यंत जाणारा माणूस. अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो अर्ज याच टेबलावर भरून घ्यावा.

दोन. ठेक्यात बोल्यांची अट. मजुरी, पीएफ, सुरक्षा साधनं यांचा पुरावा दिल्याशिवाय ठेकेदाराचं पुढचं बिल निघणार नाही.

तीन. महापालिकेची समाजमंदिरं, अभ्यासिका, व्यायामशाळा ज्या संस्था चालवतात, त्यांच्या करारात जात, धर्म, लिंग यावरून कुणालाही नाकारणार नाही ही अट. मोडली तर करार रद्द. भाड्याच्या घरांवर महापालिकेचा थेट हात पोचत नसेल, पण ज्या गृहनिर्माण संस्थेला, लॉजला, वसतिगृहाला ती परवाना किंवा करात सवलत देते, तिथे हीच अट घालण्यापासून कोण अडवतं, ते तिच्या विधी विभागाने लेखी सांगावं.

चार. दरवर्षी समतेचा अहवाल, अर्थसंकल्पाच्या आधी महासभेपुढे. तक्रारी किती, निकाली किती, वस्तीनिहाय पाणी आणि शौचालयं, सफाई कामगारांची मजुरी आणि अपघात. मागच्या वर्षीचा आकडा शेजारच्या रकान्यात. ज्या खात्याचा आकडा सुधारला नाही, त्याने सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं.

मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर महापालिका जवळपास चार वर्षं प्रशासकाच्या हाती चालली. त्या काळात विचारायला सभागृह नव्हतं. १२२ नगरसेवकांच्या सभागृहाचं काम प्रश्न विचारणं हेच आहे. २ मार्च २०३० रोजी काळाराम सत्याग्रहाला शंभर वर्षं होतील. पुतळे, कमानी, रोषणाई यांच्या तयारीच्या घोषणा होतील, कार्यक्रमपत्रिका छापल्या जातील. त्याआधी या शहराचे किमान तीन समता अहवाल प्रसिद्ध झालेले असले पाहिजेत. नसतील तर शताब्दीच्या व्यासपीठावर बसायचा अधिकार कुणालाही नाही, मग तो कुठल्याही पक्षाचा असो.

तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला या आठवड्यात पत्र लिहा. वरच्या चार मागण्यांपैकी कुठल्या दोन तो पुढच्या महासभेत मांडणार, ते लेखी मागा. आलेलं उत्तर या सदराकडे पाठवा. प्रत्येक उत्तर इथे नावानिशी छापलं जाईल, आणि ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांचे प्रभागही.